बाक छोटा, कपाट मोठं



आज सुरुवातीलाच एक कबुली देते. तुमच्या बाईंचं गणित चुकलं! तेही काही अवघड नाही, चौथीतलं. वाटणी आणि गुणाकार. आणि त्यापायी एका मुलीची गाडी चुकता चुकता राहिली. कशी, ते सांगते. पण त्याआधी जरा आपल्या वर्गात डोकावू या.

वर्गात एक मोठं कपाट असतं. त्यात दोनशे पुस्तकं सहज राहतात. आणि तुमच्यापुढे असतो बाक. त्यावर मावतात फार तर चार-पाच पुस्तकं. पण वाचायचं, लिहायचं ते बाकावरच ना? कपाटात डोकं घालून कुणी अभ्यास करत नाही. हवं ते पुस्तक कपाटातून काढायचं, बाकावर ठेवायचं, काम झालं की परत ठेवायचं.

कॉम्प्युटरचंही असंच असतं. त्याचं कपाट म्हणजे हार्ड डिस्क आणि बाक म्हणजे मेमरी, म्हणजेच रॅम. बाकावरचं पुस्तक चटकन हाताला येतं, कपाटातलं आणायला वेळ लागतो. म्हणून कॉम्प्युटर नेहमी लागणारी माहिती बाकावरच ठेवायला बघतो.

आता डेटाबेस सर्व्हर म्हणजे काय? तो शाळेतल्या कारकून काकांसारखा. हजारो मुलांची नावं, जन्मतारखा, हजेऱ्या सांभाळायच्या आणि कुणी विचारलं की अचूक काढून द्यायच्या. रेल्वेचं रिझर्वेशन असो, बँकेचं खातं असो की आपला सातबारा, सगळ्यांच्या मागे असा एक कारकून बसलेला असतो. फरक एवढाच की त्याच्याकडे एकाच वेळी शंभर जण येतात.

आता माझी फजिती ऐका.

आमच्या एका परिचयाच्या संस्थेच्या अंबरनाथमधल्या ऑफिसात असा सर्व्हर आहे. संस्थेच्या सगळ्या शाळांतल्या मुलांची माहिती, फोटो, जुन्या रजिस्टरांची स्कॅन केलेली पानं, सगळं त्यात. ते सांभाळायला माझाच एक जुना विद्यार्थी येतो. बदलापूरला राहतो. गेल्या जूनमध्ये त्यानं सर्व्हरची जुनी आवृत्ती काढून नवी बसवायला घेतली. मदतीला म्हणून मी शेजारी बसले होते. मदत कसली, नुसती लुडबुड!

तो म्हणाला, "बाई, यंत्रात मेमरी आहे ८ जीबी. डेटाबेसला किती देऊ?"

मी ऐटीत म्हटलं, "अरे, काम तर तोच करतो ना? देऊन टाक ७ जीबी. भरभर चालेल!"

तो जरा चाचरला. पण बाईंना नाही कसं म्हणायचं? दिली बिचाऱ्यानं. संध्याकाळी सगळं झकास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी सुरू झाली. कुणी याद्या मागतंय, कुणी दाखले. अकरा वाजता सर्व्हर बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद.

आणि दारात उभी एक मुलगी, आईचा हात धरून. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून आलेली. वडिलांची बदली भुसावळला झाली होती. संध्याकाळची गाडी होती आणि नव्या शाळेत दुसऱ्याच दिवशी दाखला द्यायचा होता. ती हळूच म्हणाली, "बाई, माझं नाव हरवलं का?"

खरं सांगते मुलांनो, पोटात गोळा आला.

मग मुख्याध्यापकांनी काय केलं असेल? कपाटातून जाडजूड जनरल रजिस्टर काढलं. तिचं नाव होतं तिथे, निळ्या शाईत. हातानं दाखला लिहिला, सही-शिक्का झाला आणि पोरगी हसत हसत स्टेशनकडे पळाली. नाव हरवलं नव्हतंच. सर्व्हरच्या कपाटातही ते सुखरूप होतं. फक्त ते काढून ठेवायला बाकावर जागा उरली नव्हती!

आता माझी चूक कुठे झाली, ते बघू.

पहिली चूक वाटणीची. ८ जीबीतले ७ एकट्याला दिले, तर बाकीच्यांना राहिलं काय? कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिला जागा लागते. येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कामाला जागा लागते. मेमरी संपली की लिनक्स ही सिस्टिम एक कठोर उपाय करते. एखादा जागाखाऊ प्रोग्रॅम निवडते आणि त्याला चक्क बंद करते, म्हणजे निदान बाकीचं यंत्र तरी चालू राहतं. आमच्याकडे सगळ्यात जागाखाऊ कोण? तर आमचा डेटाबेस! जास्त खाऊ घातलं म्हणूनच बाहेर काढला गेला.

पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा एक प्रसिद्ध डेटाबेस आहे. त्याचं बोधचिन्ह हत्ती, कारण हत्तीची स्मरणशक्ती दांडगी! तो बनवणारे सांगतात की यंत्र फक्त डेटाबेससाठीच असेल, तर त्याच्या सामाईक जागेसाठी सुरुवातीला एकूण मेमरीच्या पाव हिश्श्याइतकी मेमरी ठेवावी. म्हणजे ८ जीबीतले २ जीबी. उरलेली काही वाया जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिमही नुकतीच वाचलेली पानं तिथे हाताशी ठेवते.

दुसरी चूक गुणाकाराची. या हत्तीत प्रत्येक यादी लावण्यासाठी वेगळी जागा मिळते, ठरवून दिलेली मर्यादा ४ एमबी. कुणाला वाटेल, एवढीशी? करू या ६४! पण १०० जण एकदम आले तर? ६४ गुणिले १०० म्हणजे ६,४०० एमबी. शिवाय एकाच माणसाच्या कामात दोन-तीन याद्या लावायच्या असल्या, तर तेवढ्या पट आणखी. शाळेत खिचडी वाढताना ताई एका वाटीचा विचार करत नाहीत, पटावरच्या सगळ्या मुलांचा करतात. तसंच हे.

"मग बाई, मेमरीच वाढवायची की!" असं कुणीतरी म्हणालंच असेल. वाढवावी, जरूर वाढवावी. पण त्यातही गंमत आहे.

बदलापूरजवळचं बारवी धरण तुम्ही पाहिलं असेल. अंबरनाथ, उल्हासनगरसह ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी शहरांना आणि कारखान्यांना तिथलं पाणी मिळतं. पाणी पुरेना, म्हणून धरणाची उंची ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर करायचं ठरलं. चार मीटर भिंत चढली. पण म्हणून लगेच तेवढं पाणी साठवता आलं का? नाही. मागे जी गावं, जे पाडे पाण्याखाली जाणार होते, तिथल्या माणसांच्या पुनर्वसनाचा प्रश्न होता. त्यात वर्षं गेली. नव्या उंचीपर्यंत धरण भरलं ते २०१९ च्या पावसाळ्यात. नुसती एक मर्यादा वाढवून भागत नाही, तिला जोडलेल्या बाकीच्या मर्यादाही बघाव्या लागतात.

कॉम्प्युटरमध्येही हेच. जुनी यंत्रं ३२ बिटांची असत. १ हा आकडा घ्या आणि ३२ वेळा दुप्पट करा. येतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे बरोबर ४ जीबी. एका प्रोग्रॅमला याहून जास्त घरांचे पत्तेच लिहिता येत नसत. मग दुकानातून कितीही मेमरी आणा! ६४ बिटांची यंत्रं आली आणि ही अडचण गेली. बुद्धिबळाच्या ६४ घरांत तांदळाचे दाणे दुप्पट करत जायची गोष्ट आठवते ना? ते सगळे दाणे मिळवून आणखी एक दाणा, इतके पत्ते ६४ बिटांत लिहिता येतात!

आणखी एक मर्यादा सांगते. पूर्वी पोस्टग्रेएसक्यूएलची सामाईक जागा वाढवली, पण ऑपरेटिंग सिस्टिमनं त्यासाठी घातलेली मर्यादा वाढवायला विसरलं, तर सर्व्हर सुरूच होत नसे. २०१३ साली आलेल्या ९.३ आवृत्तीत जागा घेण्याची पद्धत बदलली आणि बहुतेकांची ही डोकेदुखी थांबली.

माझ्या विद्यार्थ्यानं मग दुपारी शांतपणे सगळं नीट केलं. सामाईक जागा २ जीबी केली. एका वेळी किती जणांनी यायचं, ते ठरवलं. आणि एक वही घातली. आवृत्ती बदलण्याआधी जुने सगळे आकडे त्यात लिहायचे, माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवायची, नवा आणि जुना सर्व्हर काही वेळ एकाच यंत्रात चालणार असतील तर दोघांच्या जागेची बेरीज आधी करायची. आणि हे काम दाखल्यांच्या गर्दीत, जूनमध्ये करायचं नाही! वहीच्या पहिल्या पानावर त्यानं काय लिहिलं माहीत आहे? "बाईंनी सांगितलं तरी आधी हिशोब करावा."

वाचून मी खूप हसले. आणि खरं सांगू? मनातून सुखावलेही. कुणी मोठ्या माणसानं सांगितलं, तरी हिशोब करून बघणारा विद्यार्थी मिळणं ही शिक्षकाची कमाईच. पालकांनाही एक सांगते. मूल तुमच्या हिशोबावर शंका घेऊ लागलं तर रागावू नका, त्याच्यासोबत पाटी घेऊन बसा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एका सर्व्हरमध्ये १६ जीबी मेमरी आहे. ४ जीबी डेटाबेसची सामाईक जागा, २ जीबी ऑपरेटिंग सिस्टिमला. येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कामाला ४० एमबी लागतात. १ जीबी म्हणजे १,०२४ एमबी. तर २०० माणसं मावतील का? ३०० मावतील का? आणि जास्तीत जास्त किती? आईबाबांना न विचारता करा, मग त्यांच्याकडून तपासून घ्या.

उत्तर पुढच्या अंकात. तोवर आपापला बाक आवरून ठेवा हं!

तुमच्या,
बाई