बिल भाडेकरूचे, मग मीटरवर मर्जी कुणाची?



शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या मराठी मुलामुलींना भाड्याचे घर मिळते, तेव्हा दाराच्या किल्लीबरोबर कधी कधी एक प्लास्टिकची चावी आणि एक कार्डही हातात पडते. चावी विजेच्या मीटरची, कार्ड गॅसचे. जवळच्या दुकानात जाऊन त्यांत पैसे भरायचे, घरी येऊन ती मीटरमध्ये घालायची, की वीज आणि गॅस सुरू. शिल्लक संपली की पाच-दहा पौंडांची तातडीची उधारी मिळते. तीही संपली की घर गार आणि अंधारे. असा प्रीपेड मीटर काढून महिन्याच्या बिलाचा साधा मीटर हवा म्हटले, तर एजंटकडून ठरलेले उत्तर येते: घरमालकाची परवानगी आणा.

ही परवानगीची अट मोडीत निघायला हवी. विजेचे पैसे जो थेट कंपनीला भरतो, त्यानेच मीटरचा प्रकार ठरवावा. घरमालकाला कळवणे पुरेसे मानावे.

ब्रिटनचा ऊर्जा नियामक ऑफजेम यापासून फार दूर नाही. भाडेकरू स्वतः बिल भरत असेल तर पुरवठादार निवडण्याचा हक्क त्याचाच, आणि मीटरही त्याला बदलून घेता येतो, असे ऑफजेम सांगतो. वीज-गॅसचा खर्च भाड्यातच धरलेला असेल आणि बिल घरमालकाच्या नावावर येत असेल, तर निवड घरमालकाची. इथवर सगळे रास्त आहे. गोंधळ पुढच्या सल्ल्यात होतो: आधी भाडेकरार तपासा, घरमालकाला सांगा, घर सोडताना जुना मीटर परत बसवून द्यावा लागू शकतो. करारात ‘लेखी संमतीशिवाय मीटर बदलू नये’ असे एक कलम असले, की परदेशातून नुकताच आलेला विद्यार्थी तिथेच थांबतो. हक्क कागदावर राहतो आणि चावी खिशात.

प्रीपेड मीटर आता महाग नाही, मग बदलायचा कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. तो बिनबुडाचा नाही. पूर्वी प्रीपेड ग्राहकांना जास्त दर पडे. जुलै 2023 पासून सरकारी मदतीने तो फरक मिटला. जुलै ते सप्टेंबर 2024 या तिमाहीत ऑफजेमच्या दरमर्यादेनुसार सर्वसाधारण घराचे वार्षिक बिल बँकेतून परस्पर पैसे भरणाऱ्यांना 1,568 पौंड होते, तर प्रीपेडवाल्यांना 1,522 पौंड. म्हणजे दरात उलट थोडी बचतच. पण अडचण वार्षिक बेरजेत नसून महिन्यांच्या वाटणीत आहे. साध्या मीटरवर बँकेतून दरमहा सारखी रक्कम जाते, उन्हाळ्यात साठलेली शिल्लक थंडीत कामी येते. प्रीपेडवर ज्या दिवशी हीटर चालला त्या दिवशीच पैसे हवेत, म्हणजे मोठा भार थंडीच्या महिन्यांत. शिवाय उन्हाळाभर गॅस वापरला नाही तरी रोजचा स्थिर आकार चढतच राहतो. ऑक्टोबरात पहिल्यांदा कार्ड भरले की त्यातला मोठा हिस्सा ही थकबाकी गिळते. घर गरम करायला भरलेल्या पैशांतून एक तासही हीटर चालू नये, हे ज्याने सोसले त्यालाच कळते.

यात वाताहत किती होते, ते 2023 च्या जानेवारीत जगासमोर आले. आधीच्या वर्षात ग्रेट ब्रिटनमधल्या 32 लाख लोकांच्या प्रीपेड मीटरवरचे पैसे परवडत नसल्याने संपले, असे सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेने सांगितले. दर दहा सेकंदांना एक माणूस. अशा घरांची नोंद कुठल्या ‘वीज तोडली’ यादीत होत नाही, कारण तोडायला कुणी येतच नाही. ‘द टाइम्स’च्या एका वार्ताहराने ब्रिटिश गॅससाठी काम करणाऱ्या वसुली कंपनीत ओळख लपवून नोकरी केली. न्यायालयाच्या वॉरंटच्या जोरावर हतबल लोकांच्या घरात शिरून प्रीपेड मीटर बसवले जात असल्याचे त्याने लगेच फेब्रुवारीत उघड केले. सक्तीची बसवणी थांबली, इंग्लंड-वेल्समध्ये न्यायाधीशांनी अशा वॉरंटच्या अर्जांवरची सुनावणी रोखली, आणि नोव्हेंबर 2023 पासून ऑफजेमचे कडक नियम लागू झाले. कंपनीने जबरदस्तीने बसवलेल्या मीटरची दखल अशी घेतली गेली. आधीच्या कुणीतरी बसवून ठेवलेला मीटर ज्या भाडेकरूच्या वाट्याला आला, त्याच्या बाजूने मात्र एवढा आवाज उठला नाही.

घरमालकांचे म्हणणे असते की भाडेकरू बिल थकवून गेला तर घरावर बोजा येईल. ही भीती खरी नाही. थकबाकी त्या ग्राहकाच्या नावावर असते, वास्तूच्या नाही. जोखीम पुरवठादाराची, म्हणूनच तो मीटर बदलण्याआधी जुने देणे आहे का ते पाहतो, ग्राहकाची पत तपासतो, प्रसंगी अनामत मागतो. ज्याचे पैसे अडकणार तो खात्री करून घेतोच. ज्याचे काहीच अडकत नाही त्याला नकाराचा अधिकार का असावा?

स्मार्ट मीटरने तर हा वाद आणखी पोकळ केला आहे. त्याचा प्रकार कंपनी दुरूनच, संगणकावरून बदलते. भिंतीला भोक नाही, वायरला हात नाही. तरीही एजंट परवानगीचे पत्र मागत असेल, तर तो नक्की कशाची परवानगी मागतो?

इंग्लंडच्या 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्यात पाळीव प्राण्याची तरतूद आहे: भाडेकरूने लेखी विनंती केली की घरमालकाने साधारण 28 दिवसांत उत्तर द्यायचे आणि सबळ कारणाशिवाय नाकारायचे नाही. कुत्रा-मांजर घराचा गालिचा खराब करू शकते, तरी त्याला हे संरक्षण मिळाले. मीटरला किमान तेवढे मिळावे.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अधिक सरळ आहे. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 43 मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही मागितल्यास पुरवठा द्यायला सांगते. घरमालक ‘ना हरकत’ देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. जागेत राहतो कोण, एवढेच पाहायचे. महाराष्ट्रात स्मार्ट प्रीपेड मीटरला जोरदार विरोध झाला आणि जून 2024 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे ते बसवणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढे कधी हा विषय परत आला, तर भाड्याने राहणाऱ्यांची निवड त्यांच्याच हाती राहील, हे आधीच लिहून घ्यायला हवे.

काहींना प्रीपेडच हवा असतो, रोजचा खर्च डोळ्यांसमोर राहतो म्हणून. त्यांनाही हाच न्याय लागू व्हावा.

ज्यांची मुले यंदा ब्रिटनला निघाली आहेत, त्यांनी एवढे नक्की सांगावे. करारावर सही करण्याआधी मीटर कोणता आहे ते विचारा आणि संमतीचे कलम काढून टाकायला सांगा. राहायला गेल्याच्या दिवशी मीटरच्या आकड्यांचा फोटो काढा. आणि जुनी चावी वापरण्याआधी पुरवठादाराला फोन करून खाते आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर जुन्या मीटरवर नोंदलेले आधीच्या भाडेकरूचे कर्ज तुमच्या पैशांतून फेडले जाऊ शकते.

– एक वाचक