बाजीरावाला केटी लागली असती का?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापू नका!

गोष्ट बुधवार पेठेतली. मिनी प्रोजेक्टसाठी पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय बनवायचा होता. मी आणि माझी रूममेट यादी घेऊन पासोड्या विठोबाजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. काउंटरवर काका आणि त्यांच्या शेजारी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. यादी बघून मुलगा म्हणाला, "ताई, ७८०५ लिहिलाय, पण हीट सिंक नाही. इनपुट किती देणार?" "बारा व्होल्ट." "करंट?" "एक अँपिअर." "मग गरम होऊन बंद पडेल की!"

आम्ही दोघी गप्प. बारातून पाच गेले, राहिले सात. गुणिले एक अँपिअर, म्हणजे सात वॉट उष्णता. हेच गणित आम्ही पेपरात बरोबर सोडवलं होतं! त्या मुलानं पेपर दिला नव्हता. तो काकांच्या शेजारी उभा राहून शिकला होता.

पुढे आप्पा बळवंत चौकात एम-थ्रीचं सेकंडहँड पुस्तक घेतलं आणि चालत शनिवारवाड्यावर गेलो. समोर घोड्यावर बसलेला थोरला बाजीराव. मनात हिशेब केला आणि पोटात गोळाच आला. जन्म १८ ऑगस्ट १७००, सिन्नरजवळ डुबेरे गावी. पेशवेपद मिळालं एप्रिल १७२० मध्ये. म्हणजे वय वर्षे एकोणीस! मी वीस वर्षांची, आणि माझ्या हातात एम-थ्री, तेही दुसऱ्यांदा.

हा मुलगा कुठल्या कॉलेजात शिकला? वडिलांच्या तळावर. दमाजी थोराताने बाळाजी विश्वनाथांना बायकामुलांसकट पकडलं, तेव्हा कैद काय असते ते त्याने लहानपणीच पाहिलं. १७१८-१९ मध्ये सय्यद हुसेन अलीबरोबर मराठी फौज दिल्लीला गेली, तेव्हाही तो वडिलांबरोबर होता. बादशहा फर्रुखसियर गादीवरून उतरवला गेला, शहरात दंगल होऊन मराठी माणसं मारली गेली, आणि शेवटी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा हातात पडल्या. हे सगळं वयाच्या अठराव्या वर्षी!

त्याच शतकात युरोपात दुसरा एक राजपुत्र तयार होत होता, प्रशियाचा फ्रेडरिक, जन्म १७१२. सहाव्या वर्षी त्याला कवायतीसाठी पोरांची पलटण दिली गेली. बासरी वाजवली, फ्रेंच पुस्तकं वाचली की बापाचा मार. अठराव्या वर्षी तो पळून जायला निघाला आणि पकडला गेला. त्याला साथ देणाऱ्या मित्राचं, काटेचं, नोव्हेंबर १७३० मध्ये डोकं उडवलं गेलं. पुढे तो मोठा सेनापती झाला हे खरं. पण १७४१ मध्ये मोलविट्झच्या पहिल्याच मोठ्या लढाईत, हरतोय असं वाटल्यावर तो रणांगण सोडून निघून गेला. लढाई जिंकली ती मागे उरलेल्या कवायती पायदळाने.

म्हणजे कवायत फुकट जात नाही. थिअरी हवीच! पण ऐन वेळी काय करायचं, ते कवायतीत कळत नाही.

रूममेट म्हणाली, "अगं, तो पेशव्याचा मुलगा. सरळ वशिला आहे!" खरंय. तेव्हाही दरबारात 'पोर लहान आहे' अशी कुरकुर झालीच होती. शाहू महाराजांनी तरी त्यालाच निवडलं. पण वशिल्याने पद मिळतं, पालखेड मिळत नाही. १७२८ मध्ये निजामाकडे जड तोफखाना होता. बाजीराव समोर उभाच राहिला नाही. त्याला पळवत पळवत तोफा मागे टाकायला लावल्या आणि पालखेडला अन्नपाणी तोडून कोंडलं. हाच निजाम त्याला १७२१ मध्ये चिखलठाणला समोरासमोर भेटला होता. माणूस आधी पाहिलेला होता!

आपल्यापैकी किती जणांचे वडील पेशवे आहेत? एकाचेही नाहीत. म्हणूनच सरांना नि मॅडमना विनंती, तुम्हीच आम्हाला बरोबर घ्या. लॅबमधलं मशीन बिघडलं की दाराला कुलूप लागतं आणि दुरुस्त झाल्यावरच ते उघडतं. त्या वेळी दोन जणांना शेजारी उभं राहू द्या. साठ जणांची बस भरून एक दिवसाची इंडस्ट्रियल व्हिजिट, ग्रुप फोटो आणि समोसे, यापेक्षा पाच-पाच जणांना आठवडाभर एकाच माणसामागे फिरू द्या. आणि आपणही सुट्टीत घरी लोळण्याऐवजी गावातल्या एखाद्या वायरमनकाकांच्या मागे पिशवी धरून जायला काय हरकत आहे? लाज कसली?

असो. हीट सिंक लावलं, सप्लाय चालू आहे. एम-थ्रीचा निकाल मात्र अजून लागायचाय. सुटले तर पुढच्या अंकात भेटूच!