खेळणे की वाद्य?

माउथ ऑर्गन हे पोरांचे खेळणे होय, असा निवाडा आपली रसिक मंडळी पुरावा न तपासताच देऊन मोकळी होतात. शिकागोच्या पॉल बटरफील्डला (१९४२–१९८७) त्यांनी एकदा साक्षीला बोलवावे. वाद्य अवघे १० छिद्रांचे. परंतु ब्लूज आणि रॉकच्या गदारोळातही तो स्वरांचे पुंजके न उधळता एकेक सुटा स्वर ठामपणे मांडी, आणि श्वास आत ओढताना जिभेच्या हालचालीने तो खाली वाकवी. भजनातल्या पेटीला जी मींड साधत नाही, ती तशाच पितळी पात्यांतून त्याने काढली. १९६६ च्या ‘ईस्ट-वेस्ट’ या १३ मिनिटांच्या, रागसंगीताची छाया असलेल्या रचनेत त्याचे वादन ऐकावे. वाद्य स्वस्त म्हणून संगीत हलके, हा युक्तिवाद मग क्षणभरही टिकणार नाही.