तेवीस सायकली आणि एक वाट

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो. ‘बाबांनी घरभर जुने रेडिओ जमवले आहेत’, ‘आईच्या पितळी भांड्यांमुळे पलंगाखाली केरसुणी फिरत नाही’, ‘सासऱ्यांच्या सायकलींना आता जागाच उरली नाही’. विचारणारे मुलगा, मुलगी किंवा सून असते आणि शेवटचे वाक्य बहुधा एकच असते : ‘डॉक्टर, तुम्हीच एकदा सांगा.’ एकदा मी तसे सांगितले होते. मात्र ज्यांना सांगायला हवे होते त्यांना सोडून दुसऱ्याच व्यक्तीला. ती हकीकत आज लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

अप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते त्या काळात त्यांचे तारुण्य गेले. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या सायकली गोळा करण्यास आरंभ केला. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए, आसनसोलची सेन-रॅले, मुंबईची हिंद. एखाद्या सायकलला घासलेटचा दिवा, दुसरीला बाटलीच्या आकाराचा डायनॅमो, तिसरीला अजून नगरपालिकेच्या कराचा बिल्ला. या सर्वांत वडीलधारी होती ती त्यांच्या वडिलांची हर्क्युलिस. तिच्या दांडीवर बसून अप्पा शाळेत गेले होते. पाच सायकलींपासून सुरू झालेला हा संग्रह पंधरा वर्षांत तेवीसवर गेला. पाच आतल्या खोलीच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. उरलेल्या पॅसेजमध्ये आणि मागच्या अंगणात एकमेकींना टेकून उभ्या.

अप्पांच्या वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पहाटे तीनच्या सुमारास, लघवीला उठले असता त्यांचा पाय पॅसेजमधील एका पायडलमध्ये अडकला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. ते रुग्णालयात असताना त्यांचा मुलगा मला भेटायला आला. मी घाईत होतो. ‘घरी येतील तेव्हा त्यांच्या हातात वॉकर असेल. त्याआधी पॅसेज मोकळा करून ठेवा,’ एवढे सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. मुलाने माझा शब्द प्रमाण मानला. भंगारवाल्याला बोलावून अठरा सायकली त्याने किलोच्या भावाने विकल्या. त्यांत हर्क्युलिसही गेली.

अप्पा घरी आले तेव्हा वाट स्वच्छ होती, परंतु त्या वाटेवरून चालण्यास ते तयार होईनात. फिजिओथेरपिस्ट आल्या की ते भिंतीकडे तोंड करून पडत. जेवण निम्म्यावर आले. प्रथम मी याला शस्त्रक्रियेनंतरचा अशक्तपणा समजलो. तीन आठवड्यांनी घरी तपासायला गेलो, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘डॉक्टर, तुम्ही सांगितलं होतंत का?’ मी ‘हो’ म्हणालो. ‘मग मला विचारायचं तरी होतंत. पाय मोडला होता, डोकं नव्हतं.’

त्या दिवशी अप्पांच्या नैराश्याचे निदान झाले आणि माझ्या चुकीचेही. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला, की शय्याव्रण, न्यूमोनिया, पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळी असे धोके वाढत जातात. वाट मोकळी करण्याचा सल्ला योग्य होता. ज्यांची वाट होती, त्यांना वगळून तो अमलात आला, हे अयोग्य होते.

वाचकहो, संग्रह किती मोठा झाला म्हणजे फार झाला, याचे उत्तर आकड्यात नाही. मोठ्या वाड्यात पन्नास सायकली सुखाने नांदतील आणि दोन खोल्यांत चारही जाचक ठरतील. मी आता रुग्णांना पुढील गोष्टी स्वतःच पडताळून पाहायला सांगतो.

पलंगापासून संडासापर्यंत सर्वत्र सुमारे ९० सेंटीमीटर रुंदीची मोकळी वाट आहे का? वॉकर किंवा चाकांची खुर्ची नेण्यास तेवढी लागते. प्रसंगी स्ट्रेचरही तिथूनच येणार असतो. पलंगावर झोपता येते का, ओट्यावर स्वयंपाक करता येतो का? मागच्या रांगेतली सायकल एकट्याने बाहेर काढता येते का? जुन्या घडणीची सायकल सुमारे वीस किलोची असते. ती तोल जाऊन अंगावर आली, तर रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यास साधा मारही महागात पडतो. प्रत्येक सायकलला शेवटचे तेल कधी दिले, हे आठवते का? ज्या वस्तूची निगा आपल्या हातून होत नाही, ती आपल्या संग्रहात असून नसल्यासारखी असते. आणि अखेरचे : नवी सायकल घेताना औषधांच्या पैशांना हात लागतो का, किंवा ती घरच्यांपासून लपवावी लागते का?

यांतल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर मनाला टोचले, तर संग्रह आवरण्याची वेळ आली आहे असे समजावे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. संग्राहक निवडून घेतो, मांडून ठेवतो, दाखवताना खुलतो. काही व्यक्तींना मात्र तुटका डबा किंवा वर्तमानपत्राची रद्दीही टाकवत नाही. टाकण्याच्या विचारानेच त्यांचा जीव घाबरा होतो आणि घर वापरण्याजोगे उरत नाही. या विकाराला २०१३ साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. त्यावर मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावी. रागावून उपयोग होत नाही. तसेच आयुष्यभर नेटका असलेला माणूस उतारवयात अकस्मात काहीबाही साठवू लागला, तर स्मृतिभ्रंशाची किंवा मेंदूच्या अन्य विकाराची शक्यता तपासून घ्यावी.

काही गोष्टी मात्र त्याच दिवशी कराव्यात. रात्रीची वाट मोकळी करून तिथे मंद दिवा लावावा. अंगणातल्या टायरांत साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून टाकावे. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. टायर शक्यतो छपराखाली न्यावेत. घासलेट, थिनर स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. सायकलींची दुरुस्ती करणाऱ्याने धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी.

उरलेले काम सावकाश आणि मालकाच्याच हातून व्हावे. काळजी घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती : त्यांच्या अनुपस्थितीत एकही वस्तू हलवू नका. ‘कोणत्या टाकायच्या?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या ठेवायच्या?’ असे विचारा. वहीत प्रत्येकीचे नाव, ती कुठून आली आणि तिची आठवण लिहून घ्या. हे काम नातवंडांकडे सोपवावे. महिन्याला एक जाऊ द्या, आणि ती भंगारात न जाता जाणत्या माणसाकडे जावी असे पाहा. पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचे खासगी संग्रहालय आहे. अशा ठिकाणी जाऊन आले, तरी आपल्या वस्तूंना आपल्यानंतरही कदर आहे, याची ज्येष्ठांना खात्री पटते.

अप्पांच्या मुलाने भंगारवाल्याकडून दोन सायकली परत मिळवल्या. हर्क्युलिस मिळाली नाही. औषधे सुरू झाली. मुलाने वडिलांजवळ बसून क्षमा मागितली, मीही मागितली. दोन महिन्यांनी अप्पा वॉकर घेऊन अंगणात जाऊ लागले. आता त्यांच्याकडे सात सायकली होत्या. त्यांतल्या दोन त्यांनी पुढे स्वतःहून दिल्या. एक तर फिजिओथेरपिस्टबाईंच्या मुलाला, रोज हवा तपासण्याच्या अटीवर.

मागच्या महिन्यात रक्तदाब तपासायला आले होते. निघताना म्हणाले, ‘डॉक्टर, पाच पुरतात. पाचांची निगा होते माझ्याच्याने.’ हा आकडा त्यांनी स्वतः ठरवला होता. तो मला तेवीसच्या वेळीच विचारता आला असता.