वाडा उतरविण्यापूर्वीं

धुळ्याची जुनी वस्ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तेथील सरळ गल्ल्यांचें कौतुक निराळें सांगावयास नको. 1818 सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यानें ही पेठ आंखून वसविली, आणि त्या गल्ल्या आजहि क्रमांकांनीं ओळखल्या जातात. तेथील वाडे आतां एकामागून एक उतरूं लागले आहेत. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तुळयांना वाळवी लागली, भिंतींना ओल चढली आणि चार भावांचे संसार दोन खणांत मावेनासे झाले, म्हणजे वाडा उतरवावा लागतोच. परंतु संमतिपत्रावर सह्या होण्यापूर्वीं बैठकींत जी चर्चा चालते ती बहुधा चौरस फुटांची. मंजुरीचे कागद म्हणजे महानगरपालिका आणि बिल्डर यांचा आपसांतला व्यवहार, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आम्हांस घातक वाटते.

प्रथम पांझरेचाच विचार करूं. उन्हाळ्यांत ही नदी इतकी रोडावते कीं तिचें भय कोणासच वाटूं नये. पण 1872 च्या सप्टेंबरांत तिनें धुळ्याची दैना केली होती, आणि 2019 च्या ऑगस्टांत अक्कलपाडा धरणांतून पाणी सोडल्यावर कांठच्या लोकांनीं तिचें तें रूप पुन्हां थोडेंफार पाहिलें. पाटबंधारे खातें अशा नदीकांठीं दोन रेषा आंखतें. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. राज्यांतील बहुतेक शहरांसाठीं डिसेंबर 2020 मध्यें जी एकत्रीकृत नियमावली लागू झाली तिच्याप्रमाणें नदी व निळी रेषा यांमध्यें नवें घर बांधतां येत नाहीं. जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी मात्र पाटबंधारे खात्याच्या ना-हरकत पत्रानें होऊं शकते. अट अशी कीं, बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर, म्हणजे सुमारें दीड फूट, उंच असावें. दोन रेषांच्या मधल्या जागेसहि उंचीची हीच अट आहे. हे दीड फूट समोरच्या रस्त्यापासून मोजावयाचे नसतात, हें घरांतील एकानें तरी नीट समजून घ्यावें. आजी-आजोबांस जिना चढवत नाहीं म्हणून तळमजल्याची खोली आपण हट्टानें मागून घेतों. मध्यरात्रीं पाणी शिरलें तर त्या खोलींतून त्यांस उचलून आणावयास किती वेळ लागेल याचा हिशेब मात्र कोणी करीत नाहीं.

जमिनीविषयीं थोडें. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. तींत पाया अर्धवट टाकणें म्हणजे भिंतींच्या तड्यांना आमंत्रणच. पाया कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला कीं नाहीं, हें मातीच्या परीक्षणाच्या अहवालांत दिसतें. तो मागून घ्यावा. संकोच करूं नये. भूकंप इकडे होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं किल्लारीची आठवण ठेवावी. 30 सप्टेंबर 1993 पूर्वीं तो मुलूख भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणला जात असे. आणि नवी इमारत म्हणजे भक्कम इमारत असेंहि नाहीं. 24 ऑगस्ट 2020 रोजीं महाड येथें जी इमारत कोसळली, ती दहा वर्षांचीहि नव्हती. 16 माणसें प्राणांस मुकलीं.

वाडा पाडतांना शेजाऱ्याचा विचार आधीं हवा. आपल्या पेठांत दोन घरांची भिंत पुष्कळदां समाईक असते. आपली तुळई काढतांच शेजारच्या घराचा आधार जातो, आणि तिकडे लहान मुलें निजलेलीं असतात. म्हणून भिंतीस टेकू कोण देणार आणि नुकसानी कोण भरणार, हें आधीं लिहून घ्यावें. अरुंद गल्लींत उंच इमारत मागणाऱ्यांनीं अग्निशामक बंब दारापर्यंत वळून येईल काय, हेंहि एकदां उभें राहून पाहावें.

पर्यावरणाची गोष्ट काढली कीं बिल्डर हंसतो. वीस हजार चौरस मीटरांखालीं ती केंद्राची परवानगी लागत नाहीं, असें तो सांगतो, आणि तें खरेंहि आहे. पण अंगणांतला निंब तोडावयाचा तर 1975 च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें परवानगी लागतेच. भूखंड 500 चौरस मीटरांचा किंवा मोठा असेल तर पावसाचें पाणी जिरविण्याची सोय सक्तीची आहे. नकाणे तलाव आणि तापी यांच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरांत वाड्याचा जुना आड बुजवून वर वाहनतळ करणें आम्हांस करंटेपणाचें वाटतें. छपराचें पाणी गाळून त्याच आडांत सोडतां येईल काय, हें नकाशा होण्यापूर्वींच विचारावें. राडारोडा कोठें जाणार हेंहि विचारावें. तो रात्रींच्या रात्रीं पांझरेच्या पात्रांत पडला तर पुढच्या पुराची पातळी आपणच वाढविली असें होईल.

शेवटची सूचना विशेषतः घरांतील वडील स्त्रियांस. वास्तुशांतीचा मुहूर्त साधावयाचा म्हणून अपुऱ्या इमारतींत राहावयास जाऊं नये. भोगवटा प्रमाणपत्र हातीं पडल्यावरच भाड्याचें घर सोडावें, आणि तोंवर तें भाडें बिल्डरानेंच द्यावें, असें करारांत स्पष्ट लिहून घ्यावें.