सायकल : कोणती आणि कोणासाठी?

22 सप्टेंबर 2025 रोजी सायकलीवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणण्यात आला. या निर्णयाचे स्वागत करावयास हरकत नाही. मात्र तो किती उशिरा झाला, हेही नोंदले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या वाहनांवरील कर 1 ऑगस्ट 2019 पासूनच 5 टक्के होता. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ लाखो रुपयांच्या विद्युत मोटारीवर 5 टक्के आणि मजुराच्या सायकलीवर 12 टक्के, असा न्याय या देशात चालू होता. धूर सोडत नाही म्हणून त्या मोटारीला सवलत मिळाली. सायकलीने धूर कधीच सोडला नव्हता; परंतु तिची बाजू मांडणारे दिल्लीत कोणी नव्हते.

कर उतरला तरी कोणती सायकल घ्यावी, हा प्रश्न उरतोच. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात तो आवडीनिवडीचा प्रश्न नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झालेल्या या कापूसपट्ट्यात पाच-सहा हजारांची खरेदी चुकली, तर ती निस्तरण्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते.

बाजारात आज जाड टायरांच्या, गियरच्या, पुढे स्प्रिंग बसवलेल्या सायकली तरुणांचे लक्ष वेधून घेतात. त्यांतील स्वस्त नमुने दिसायला दणकट असतात, एवढेच. त्यांतील अनेकांना मडगार्ड नसते, कॅरियर नसते, चेनकव्हर नसते. ते सारे वेगळे विकत घ्यावे लागते. स्प्रिंगमुळे वजन वाढते आणि पायाचा काही जोर तिच्यातच वाया जातो. गियर बिघडला तर खेड्यातल्या मिस्त्रीकडे त्याचा सुटा भाग मिळेलच, असे नाही.

याउलट काळी, लोखंडी नळ्यांची, 28 इंची चाकांची साधी सायकल पाहावी. तिचे दोष उघड आहेत. ती सुमारे वीस किलो वजनाची असते, चढावर उतरून ढकलावी लागते आणि पावसात रिम ओली झाली की दांडीचा ब्रेक उशिरा लागतो. तरीही मागच्या कॅरियरवर ती सरकीच्या ढेपेचे पोते नेते. मोठ्या चाकांमुळे पांदण रस्त्यावरचे खाचखळगे सुसह्य होतात. चेनकव्हरमुळे धोतर-साडी अडकत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात पुरेशी फट असली, तर पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल काडीने काढून पुढे जाता येते. मुख्य म्हणजे पाना, पंप आणि रबराचे ठिगळ एवढ्या सामग्रीवर तिची बहुतेक दुरुस्ती गावातच होते. वस्तूची खरी किंमत दुकानातील पावतीवर नसते. ती वस्तू किती वर्षे चालते आणि बंद पडल्यावर किती दिवस मजुरी बुडवते, यावर ठरते.

हप्त्यांवर मोटारसायकल घेणे सोपे झाले आहे, असे कोणी म्हणेल. त्याचा हिशेब करून पाहावा. जाऊन-येऊन रोज 12 किलोमीटर आणि वर्षाचे 250 दिवस धरले, तर 3,000 किलोमीटर होतात. लिटरला 50 किलोमीटर आणि शंभर रुपये असा ढोबळ दर धरला, तरी पेट्रोलला 6,000 रुपये लागतात. 2025-26 साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एकोणीस दिवसांचे श्रम केवळ पेट्रोलमध्ये जातात. हप्ता आणि व्याज वेगळेच. तेवढ्या पैशांत दरवर्षी एक साधी सायकल येते.

या साधनाने काय घडते, हे बिहारने दाखवले. तेथे 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी 2,000 रुपये देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. 2022 साली ते 3,500 वरून 5,000 रुपये झाले. परंतु पैसे खात्यात टाकले की शासनाची जबाबदारी संपत नाही. कोलामांच्या पोडावरून शाळेत येणाऱ्या मुलीला मधली दांडी नसलेली, कॅरियर आणि चेनकव्हर असलेली, गावात दुरुस्त होणारी सायकल त्या रकमेत मिळते की नाही, हे कोणीतरी पाहिले पाहिजे.

मे महिन्याच्या उन्हात वीस किलोमीटर सायकल हाका, असा उपदेश कोणी करू नये. दूरच्या गावांसाठी एसटीच हवी. टिपेश्वरच्या जंगलाजवळील वाटांवर वाघाचे भय आहे, तेही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण पाच-सात किलोमीटरच्या रोजच्या वाटेसाठी तालुक्याला तीन गोष्टी हव्यात : अनुदानातून साधी, टिकाऊ सायकल मिळण्याची हमी, मोठ्या गावांत दुरुस्तीचे प्रशिक्षण घेतलेला मिस्त्री आणि भरधाव ट्रकांच्या राष्ट्रीय महामार्ग 44 लगत सायकलस्वारासाठी सुरक्षित वाट. महामार्गाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. तो होत नसेल, तर रस्ते कोणासाठी बांधले जातात, हे राज्यकर्त्यांनी एकदा स्पष्ट सांगून टाकावे.