चिंगीची रेती

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण एकच, चिंगी.

मागच्या महिन्यात पावसात गोठ्याच्या कुडाशी मांजरीचं एक पिल्लू ओरडत बसलं होतं. रात्र झाली तरी आई आली नाही, म्हणून घरात आणलं. असेल दीड महिन्याचं. दुसऱ्याच दिवशी तिनं आजीच्या गोधडीवर कार्यक्रम उरकला. तिसऱ्या दिवशी गव्हाच्या कोठीमागे. आजीनं फर्मान काढलं, "बाबू, याले वावरात नेऊन सोड!" त्यातच ताई बाळंतपणाला येणार होती, म्हणजे आजीच्या बाजूनं सगळं घर.

हे "सोडून येणं" आमच्या डोणगावातच नाही, कुठल्याही गावात सर्रास चालतं. पोत्यात घालायचं आणि मोटारसायकलवर गावाबाहेर न्यायचं. एवढंसं पिल्लू कुत्र्यांच्या तावडीतून वाचत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मारलं नाही, सोडलं म्हटलं की मन मोकळं.

मला विचाराल तर यात चिंगीची काही चूकच नव्हती. भुसभुशीत दिसलं की उकरायचं आणि झाकायचं हे मांजराला उपजतच येतं. आमचं जुनं घर मातीचं होतं, मागे परसात मोकळी जागा होती, आजीच्या चार-पाच मांजरी तिथंच जायच्या. त्यांना कोणी काही शिकवल्याचं आजीलाही आठवत नाही. आता घरात फरशी, अंगणात सिमेंट. चिंगीला उकरण्यासारखं सापडलं काय, तर गोधडी!

सल्ले भरपूर मिळाले. "नाक घासा त्याच्यात आन् द्या दोन चापटा." एकदा मीही चापट मारली, कबूल करतो. त्यातून ती एवढंच शिकली की हा माणूस दिसला की लपायचं. कोठीमागची जागा त्यानंतर पक्की झाली.

मग एका फुटक्या घमेल्यात बंबातली राख भरली. तिला पसंत पडली, पण घरभर पांढरे पाय! काळी माती आणली, ती ओली झाल्यावर पंजांना चिकटून बसली. शेवटी बांधकामावरची रेती चाळून घातली. जेवणाच्या जागेपासून लांब, न्हाणीच्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं. खाणं झालं आणि झोपून उठली की उचलून त्यात ठेवायची, बस्स. पाच दिवसांत जमलं. (राखेच्या पायांचा इतिहास मोठा आहे बरं का. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो यांच्या शेजारणीचीही हीच तक्रार होती. त्यांनी तिला वाळवलेल्या मातीचे दाणे दिले, आपल्या मुलतानी मातीच्या जातीचे, आणि त्यातूनच मांजरांच्या विकतच्या मातीचा धंदा उभा राहिला.)

एक चूक मात्र महागात पडली असती. वास जावा म्हणून मी फिनाईलनं फरशी पुसायचो. फिनाईलसारखी औषधं मांजराच्या यकृताला पचत नाहीत आणि मांजर तर दिवसभर पंजे चाटतं! आता साबणाचं पाणी आणि थोडं व्हिनेगर.

राहिली ताई. तिच्याबद्दलची भीती खोटी नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, आणि गरोदरपणात त्याचा बाळाला धोका असतो. लहान पिल्लाच्या बाबतीत तर जास्तच जपावं. पण विष्ठा पडल्यापासून तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणजे रोजच्या रोज घमेलं साफ करायचं, ते ताईनं करायचं नाही, आणि चिंगीला कच्चं मटण द्यायचं नाही. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा परजीवी माणसात येतो, पण त्यासाठी आजीनं भाजीला वावरात सोडायला सांगितलं नाही :)

डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. ताई आली. घमेलं साफ करायचं काम माझं, सकाळी चहाच्या आधी. काल जरा उशीर झाला, तर माजघरातून आवाज आला, "बाबू, तिची रेती कोन काढनार? ते बिचारी उभी हाय केव्हाची!"